सतरा नंबरचा ओरखडा

काल भाच्याचा फोन आला. "आत्या, सतरा नंबर परत येतोय!" आवाज असा, की घरात पाळणा हलणार आहे. त्या इंग्रजी तबकडीला आमच्या घरात सतरा नंबरच म्हणतात, कारण तिचं खरं नाव पप्पांनी कधी उच्चारू दिलं नाही. ही तिची चौथी की पाचवी रीमास्टर आवृत्ती. या वेळी म्हणे मूळ टेपा नव्याने साफ केल्यात. खोक्यात नऊ तबकड्या, त्यातल्या दोन जांभळ्या, भिंतीवर लावायला एक पोस्टर, आणि वर ती वाजवणाऱ्या गोऱ्या पोरांची तालमीतली खाकरखोकर. 'आजवर कोणीही न ऐकलेली', असं जाहिरातीत लिहिलंय. कोणी ऐकली नाही, कारण ती ऐकण्यासारखी नव्हती, आणि एवढं त्या पोरांना तेव्हाच कळलं होतं. भाच्याने चार महिने आधीच नाव नोंदवून ठेवलंय. मी विचारलं, "मागच्या वर्षी आलेलं खोकं ऐकून झालं का?" तर म्हणाला, "आत्या, वरचं प्लास्टिक फाडत नसतात. फाडलं की कलेक्शनला अर्थ राहत नाही." "मग ऐकतोस कशावर?" "मोबाईलवर."

अशा माणसांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे आणि भाच्याने मला न विचारता त्यात घातलंय. सकाळी उठावं तर कुठली तबकडी कधी येणार, कुठल्या देशात छापलेली जास्त 'उबदार' लागते, यावर पन्नास-पन्नास निरोप. गाण्याबद्दल एक अक्षर नाही. परवा एकाने आपल्या कपाटाचा फोटो टाकला. खालून वरपर्यंत सगळं प्लास्टिकमध्ये. एवढ्या वस्तू जमवून एकही न वापरणारा माणूस आमच्या लहानपणी भेटला असता, तर आईने त्याला डॉक्टरकडे नेलं असतं. असो. या लोकांना सतरा नंबरबद्दल काय ठाऊक आहे, हे मला विचारू नका. मला जे ठाऊक आहे ते मी इथे लिहून ठेवते.

आम्ही श्रीरामपूरला, रेल्वे फाटकाच्या अलीकडे राहायचो. तीन खोल्या एकामागे एक. पुढची रस्त्यावर उघडायची, मधलीत पुस्तकं आणि पलंग, मागे स्वयंपाकघर. गळीत हंगाम सुरू झाला की कारखान्याच्या मळीचा वास अंथरुणात शिरायचा, आणि पहाटेपासून उसाच्या गाड्यांची चाकं करकरत जायची. पप्पा शाळेत इंग्रजीचे मास्तर. चर्चमध्ये हार्मोनियमही तेच वाजवायचे आणि संथ वाजवायचे. त्यांच्या हाताखाली कुठलंही गीत मयतीचंच वाटायचं. आई अकोले तालुक्यातल्या डोंगरातली, बोलणं थेट. भात तिला रोज लागायचा आणि पप्पांना बाजरीची भाकरी, म्हणून घरात दोन्ही शिजायचं. दोन्ही शिजवणारी दुसरी व्यक्ती मी, मार्था. माझ्याहून तीन वर्षांनी मोठा शमुवेल, आमचा दादा. तो शिजलेलं खायचा आणि मीठ कमी आहे असं सांगायचा.

मिशनच्या दवाखान्यातले गोरे डॉक्टर कायमचे मायदेशी निघाले तेव्हा बंगल्यातलं सामान वाटून टाकलं. कोणाला खुर्च्या मिळाल्या, कोणाला पडदे. पप्पांना भक्तिगीतांसाठी रेकॉर्ड प्लेअर हवा होता. तो मिळाला, पण त्याच्याबरोबर डॉक्टरांच्या मुलाच्या चाळीस तबकड्यांची पेटीही गळ्यात पडली. त्यात भक्तिगीत एकही नव्हतं. सगळे लांब केसांचे, उघड्या छातीचे, गिटार घेऊन किंचाळणारे. पप्पांनी वेष्टनांवरची चित्रं पाहिली आणि सुट्टीभर बसून चाळीसच्या चाळीस वेष्टनांना शाळेच्या पुस्तकांसारखी खाकी कव्हरं घातली. कडा दुमडून, डिंक लावून. वर पांढरी चिठ्ठी आणि चिठ्ठीवर नुसता नंबर. पुढे कोणी तरी सांगितलं की तसली मूळ वेष्टनं लोक काचेत लावून ठेवतात. आमच्याकडची डिंकाने कव्हराला कायमची चिकटली आहेत आणि मला त्याचं अजिबात दुःख नाही.

"ह्या गोऱ्यान्ला कुनी मारतंय का काय?" आई पहिल्यांदा ऐकून म्हणाली होती. पण हळूहळू तिलाही सवय झाली. अकरा नंबर लागला की ती लसूण जरा जोरात ठेचायची.

दादा बी. ए. होऊन घरी बसला होता. त्याने पुढच्या खोलीत टेबल टाकलं आणि बाहेर पाटी लावली, 'येथे इंग्रजी कॅसेट भरून मिळतील'. तेव्हा गावोगाव ही पद्धत होती. गिऱ्हाईकाने कोरी कॅसेट आणायची, हवी ती गाणी कागदावर लिहून द्यायची, दोन दिवसांनी न्यायची. कॉलेजची पोरं यायची, कारखान्यातले शिकाऊ फिटर यायचे. "दादा, सतरा नंबरचं तिसरं दोनदा भर ना. लई भारी हाय ते." एक अक्षर कळत नसे बिचाऱ्यांना. पण ती पोरं ऐकायची, फीत तुटेपर्यंत ऐकायची, आणि तुटली की नेलपॉलिशने चिकटवून पुन्हा ऐकायची. जांभळ्या तबकड्यावाल्यांपेक्षा मी त्यांना शंभर पटीने जास्त मानते.

आता भरणं म्हणजे काय ते सांगते. रस्त्याच्या धुळीत मशीन खराब होईल म्हणून प्लेअर आणि टेपरेकॉर्डर मधल्या खोलीत. दादा बाहेर टेबलावर बसून बोलायचा आणि आत बसून मी भरायचे. दादाचं बोलणं ऐकण्यासारखं असे, हे कबूल करते. कुठून कुठून जुनी इंग्रजी मासिकं आणून तो वाचायचा, आणि हा गिटारवाला आधी कुठे होता, त्याचं भांडण कशावरून झालं, पुढची तबकडी कधी येणार, सगळं अशा थाटात सांगायचा की ते लोक शेजारच्या बेलापूरला त्याच्या मावशीकडे राहतात. तबकडीला मात्र त्याने हात लावला नाही. सुई झिजू नये म्हणून घरात फक्त भरण्यापुरतीच तबकडी लावायची, असा पप्पांचा नियम होता. दादा जे ऐकायचा ते मी भरलेल्या कॅसेटवर.

सतरा नंबरच्या तिसऱ्या गाण्यावर डॉक्टरांच्या पोराने कधी तरी ओरखडा पाडून ठेवला होता. सुई तिथे आली की मागे उडी मारायची आणि तेच तेच वाजवत राहायची. पहिल्या महिन्यात मी रडकुंडीला आले. मग जमवलं. उडी मारायच्या अगोदर, ढोलाच्या ठोक्याबरोबर, सुईच्या दांडीला करंगळीच्या शेजारच्या बोटाने हलकेच पुढे ढकलायचं. अगदी हलकं, डोळ्यात गेलेलं कुसळ काढावं इतकं. दोन ठोके आणि अर्धी ओळ गळायची, पण ठोक्यावर ठोका बसायचा आणि ऐकणाऱ्याला काही कळायचं नाही. शेकडो वेळा केलं असेल. सगळ्या श्रीरामपूरने आणि राहुरी-नेवाशाच्या निम्म्या पोरांनी ते गाणं माझ्या बोटासकट ऐकलं, आणि ते तसंच आहे असं समजून पाठ केलं. दादानेसुद्धा. मी एकदा त्याला सांगायला गेले होते. "तुला काय कळतंय त्यातलं?" म्हणाला. मग मीही सांगितलं नाही.

त्याच सुमारास सी.डी. निघाल्या आणि जुन्या तबकड्या 'रीमास्टर' होऊन यायला लागल्या. पुण्यातले एक दिघे नावाचे गृहस्थ नुसत्या असल्याच संगीताचं दुकान काढत होते. त्यांना माणूस हवा होता. जुनी आणि नवी आवृत्ती ऐकून फरक सांगणारा, येणाऱ्यांतलं काय मागवावं ते ठरवणारा. कोणी तरी त्यांना श्रीरामपूरच्या शमुवेलबद्दल सांगितलं आणि शनिवारी सकाळी ते येतो म्हणाले. घरात परीक्षेचं वातावरण. दादाची पुण्याची नोकरी, राहायला खोली, सगळं त्या एका सकाळवर. ही नोकरी मला हवी होती. सरळच लिहिते. सात वर्षं त्या मशीनपाशी मी बसले होते, तो नाही. पण मी काही बोलले नाही, आणि कोणाच्या मनातही आलं नाही. प्रार्थना दादासाठी, इस्त्रीचा शर्ट दादाला, आणि मटण आणायला मला पाठवलं.

दिघे आले, खुर्चीत बसले आणि पाणी प्यायच्या आधी म्हणाले, "मी शाकाहारी आहे हं, काही करू नका." आत पातेलंभर रस्सा उकळत होता. आईने कपाळाला हात लावला. "आता गं? मार्था, पिठलं टाक. भाकऱ्या थाप बिगीबिगी." म्हणून त्या सकाळी मी मधल्या खोलीच्या दाराशी, परातीत पीठ मळत होते आणि मला सगळं दिसत होतं.

दिघ्यांनी पिशवीतून सी.डी.चं यंत्र काढलं, आमच्या स्पीकरला जोडलं आणि सतरा नंबरची नवी आवृत्ती लावली. खरखर नाही, हिस्स नाही. दादा डोळे मिटून मान हलवत होता. तिसरं गाणं सुरू झालं. ती जागा आली. आणि माझ्या हाताखाली जे दोन ठोके अन् जी अर्धी ओळ आजवर गळत होती, ती गाण्यात होती. अख्खी. मी पहिल्यांदा ऐकली ती. माझे हात परातीत तसेच राहिले.

दादाने हात वर केला. "थांबा, दिघेसाहेब. इथं भर घातलीय."

"भर?"

"कंपनीने दोन ठोके नवीन टाकलेत. वर अर्धी ओळ जोडलीय. मूळ गाण्यात हे नाही. सात वर्षं ऐकतोय मी. या रीमास्टरवाल्यांना काही कळत नाही बघा, चांगल्या गाण्याचा सत्यानाश करतात."

मी म्हटलं, "दादा, जरा आत ये."

"मध्ये बोलू नको गं. चहाचं बघ."

दिघे खुर्चीत पुढे सरकले होते. "हे विलक्षण आहे. हे कोणीच पकडलेलं नाही. मूळ तबकडी आहे ना तुमच्याकडे? लावा."

पप्पांनी स्वतः उठून सतरा नंबर काढला. खाकी कव्हर बघून दिघ्यांचा चेहरा कसानुसा झाला. सुई टेकली. आई पदराला हात पुसत दारात आली. पहिलं कडवं, दुसरं कडवं, ढोल, आणि सुईने मागे उडी मारली. ओरखड्याआधीचीच अर्धी ओळ. पुन्हा तीच. पुन्हा तीच. दादा हसला, "थांबा, जाईल पुढं." गेली नाही. पप्पांनी मशीनकडे बोट नेलं आणि घाबरून मागे घेतलं. तेच, तेच, तेच. मी लगेच उठले नाही. खोटं कशाला लिहू, मला मजा वाटत होती. सात वर्षांत पहिल्यांदा त्या घरात सगळे माझ्या ओरखड्याकडे बघत होते. पण ती अडकलेली ओळ मला सहन होईना. मी उठले, पीठ लागलेला हात झटकला, ठोक्याची वाट पाहिली आणि बोट लावलं. गाणं पुढे गेलं, दादाच्या पाठांतराप्रमाणे, दोन ठोके कमी.

आई म्हणाली, "ती रोजच लावती बोट. त्याबिगर ते सरकतच न्हाई."

दिघे माझ्याकडे वळले. "ताई, परत करा बरं." मी परत केलं. "आणि नव्या सी.डी.त काय वाटलं तुम्हाला?" मी सांगितलं. झांज पूर्वी मागच्या भिंतीपाशी होती, ती आणून गाणाऱ्याच्या तोंडावर ठेवलीय. दुसऱ्या कडव्याआधी तो श्वास घेतो, तो पुसून टाकलाय, त्यामुळे पुढची ओळ तो दमून म्हणतो ते कळत नाही. हळू आवाजातलं गाणं आणि मोठ्या आवाजातलं गाणं आता एकाच आवाजात आहेत. दिघ्यांनी खिशातून वही काढून ते लिहून घेतलं. दादा खिडकीबाहेर बघत होता.

जेवण झाल्यावर ते पप्पांना घेऊन मागच्या ओट्यावर गेले. मी भांडी घासता घासता ऐकलं. "सर, कान मुलीचा आहे, यात वाद नाही. पण दुकानात गिऱ्हाईकाशी बोलणारा लागतो. आणि मुलगी एकटी पुण्यात, तुम्हालाही बरं वाटणार नाही. शमुवेल फार छान बोलतो. त्यालाच पाठवा." फरक सांगणारा माणूस हवा म्हणून आलेला हा मनुष्य फरक कळूनही त्याच ठिकाणी येऊन बसला. त्यांच्या तोंडावर मी काही बोलले नाही, ते आजही मला बोचतं. पप्पांनी आम्हाला जवळ बोलावलं, डोळे मिटले आणि या घराला ऐकणारे कान दिल्याबद्दल देवाचे आभार मानले. हात मात्र दादाच्या डोक्यावर ठेवला होता.

दादा गेला. पंधरा दिवसांनी एस.टी.च्या पार्सलाने दोन सी.डी. आणि चिठ्ठी आली, 'ऐकून चार ओळी लिहून पाठव. घाई आहे.' बाहेरच्या टेबलावर आता मीच बसत होते आणि घरात सी.डी.चं यंत्रही आलं होतं. मी लिहून पाठवलं. मग दर पंधरवड्याला. दुकानाची छापील यादी निघायची, कुठली आवृत्ती घ्यावी, कुठली टाळावी, येत्या महिन्यात काय येतंय. माझी वाक्यं शब्दाला शब्द छापलेली, आणि खाली दादाचं नाव. पाच महिने मी ते चालू दिलं. सहाव्या महिन्यात चार पानं लिहिली, खाली माझं पूर्ण नाव घातलं आणि पाकिटावर पत्ता दिघ्यांचा लिहिला. पोस्टात टाकायच्या आधी दादाला एका ओळीत कळवलं. लपूनछपून करायचं नव्हतं मला.

दादा रविवारी उपासना सुटायच्या वेळी दारात हजर. जेवलासुद्धा नाही. "ते पाकीट गेलं का?"

"उद्या टाकणार."

"नको टाकू. दिघ्यांना वाटतं मी शिकलोय आता. नाव बदललं तर मला काढतील." मग मधल्या खोलीत मशीनपाशी बसला आणि खाली बघत म्हणाला, "मला खरंच फरक ऐकू येत नाही गं, मार्था. दोन्ही सारखंच लागतं. कितीदा ऐकलं तरी."

मला त्याची दया आली. ती येऊ नये असं फार वाटत होतं, पण आली. लहानपणापासून ज्या एका गोष्टीवर हा माणूस ऐट मारत आला, ती त्याच्याकडे कधी नव्हतीच. मी म्हटलं, "मग तू बोल ना. बोलायला कान लागत नाहीत. नाव तेवढं माझं राहू दे."

"आणि लोकांनी विचारलं तर काय सांगू?"

"सांग, बहिणीनं ऐकलंय."

पाकीट मी सोमवारी टाकलं. दिघ्यांनी त्याला काढलं नाही. बोलणारा माणूस सोडतंय कोण? पुढची यादी माझ्या नावाने छापून आली आणि पप्पांनी तिला खाकी कव्हर घातलं.

दोन महिन्यांनी मावसबहिणीच्या लग्नासाठी मी पुण्याला गेले आणि कोणाला न सांगता दुकान शोधत पोचले. लहानसंच, पण दिवे फार. काउंटरपाशी चार-पाच कॉलेजची पोरं आणि एक टक्कल पडलेले गृहस्थ. दादा रंगात आला होता. नवीन आलेली एक सी.डी. हातात धरून सांगत होता, की हिच्यात झांज पुढे आणून ठेवलीय, श्वास पुसलाय, घेऊ नका. वाक्य माझं, हातवारे त्याचे. टकलू गृहस्थांनी विचारलं, "हे तुम्ही ऐकून सांगताय का?" आणि त्याच वेळी दादाला मी दारात दिसले. त्याने यादी उलटी करून काउंटरवर ठेवली.

"घरी ऐकलंय आमच्या," तो म्हणाला.

घरी. म्हणजे मोरीत, फडताळात, परातीत, कोणी तरी. मी पिशवी खाली ठेवली आणि पोरांच्या मधून पुढे गेले.

"मी ऐकलंय," मी म्हणाले.

सगळे वळून बघायला लागले. टकलू गृहस्थांनी एकदा दादाकडे पाहिलं, एकदा माझ्या अंगावरच्या ठेवणीतल्या साडीकडे, मग यादी सुलटी करून नाव वाचलं. "अच्छा," ते म्हणाले, "मग हिची जुनी आवृत्ती कुठली घ्यावी, ते सांगा." मी सांगायला सुरुवात केली. एका पोराने वही काढली. दादा काउंटरमागून निघाला आणि सगळ्यांसाठी चहा सांगायला बाहेर गेला.